४.३३ कोटींतून १.०७ कोटी म्हणजे चौघांत एक पदवीधर नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीच्या एका पालकांनी विचारलं आहे की, केंद्राच्या 'अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणा'त २०२१-२२ साली एकूण विद्यार्थी ४.३३ कोटी आणि उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेले १.०७ कोटी दाखवले आहेत. म्हणजे आपल्याकडे चौघांतला एकच पदवीपर्यंत पोचतो का? अमेरिकेत हाच आकडा ६४ टक्के सांगतात. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली, तिला मुंबईत बीकॉम किंवा बीएएफला (अकाउंटिंग-फायनान्सवर भर असलेला बीकॉम) घालायचं आहे. तर कॉलेजचा खरा निकाल आणि पैशाचा हिशेब बघायचा कुठे?

मी मुंबईतल्या एका अनुदानित महाविद्यालयात रजिस्ट्रार होतो. या सर्वेक्षणाला आम्ही ऑफिसात 'आयशे' म्हणायचो, आणि नोडल ऑफिसर म्हणून त्याचे फॉर्म वर्षानुवर्षं माझ्याच टेबलावरून गेले. त्यामुळे आधी तुमच्या भागाकाराकडे येतो.

भागाकार बरोबर आहे, पण भागायला घेतलेले दोन आकडे एका जातीचे नाहीत. ४.३३ कोटी म्हणजे त्या वर्षी देशभरात पटावर असलेले सगळेच. एफवाय, एसवाय, टीवाय (पदवीचं पहिलं, दुसरं, तिसरं वर्ष), एमएची दोन्ही वर्षं, इंजिनीअरिंगची चारही, डिप्लोमावाले, पीएचडीवाले. यातले शेवटच्या वर्षाला असतील तेवढेच त्या वर्षी पास होऊन बाहेर पडू शकतात. तीन वर्षांच्या कोर्सला एकही पोरगं गळलं नाही, एकही नापास झालं नाही, तरी दरसाल पटाचा तिसरा हिस्साच बाहेर पडणार. चार वर्षांच्या कोर्सला चौथा. त्यात २०१४-१५ साली पट ३.४२ कोटी होता तो सात वर्षांत ४.३३ कोटींवर गेला, म्हणजे खालचे वर्ग वरच्या वर्गांपेक्षा मोठे. हे सगळं धरलं तर तुमचे पंचवीस टक्के भीतीदायक नाहीत. खरं म्हणजे त्यावरून चांगलं किंवा वाईट काहीच ठरत नाही.

१.०७ कोटींचीही गंमत आहे. त्यात जुन्या केट्या, म्हणजे नापास राहिलेले विषय, सोडवून यंदा सुटलेले आहेत, घरी बसून परीक्षा देणारे आहेत, बीए झाल्यावर एमए झालेला पुन्हा मोजलेला आहे. तो आकडा पदवी-पदविका मिळालेल्यांचा आहे. कोणत्या साली आत आलेले त्यातले किती, हे त्याला माहीत नाही.

आणि हे माहीत असण्याची सोयच फॉर्मात नाही. कॉलेजसाठीच्या फॉर्मात कोर्स निवडायचा, वर्ष निवडायचं, मग रकाने येतात: खुला, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी, ओबीसी, त्यात पुन्हा एकूण आणि मुली, खाली दिव्यांग, मुस्लिम, इतर अल्पसंख्याक. प्रत्येक चौकोनात एक संख्या टाकायची. पुढे परीक्षेच्या निकालासाठी वेगळा तक्ता: शेवटच्या वर्षाला बसले किती, पास किती. पहिल्या तक्त्यातला मुलगा दुसऱ्या तक्त्यात आला की नाही, हे जोडणारा धागा कुठेच नाही. विनोद म्हणजे याच सर्वेक्षणात प्राध्यापकांची माहिती नावानिशी, रुजू झाल्याच्या तारखेसकट भरावी लागते. गुरुजी नावाने, विद्यार्थी संख्येने. आधी पीडीएफचा फॉर्म उतरवून, भरून, परत चढवावा लागे. २०२०-२१ पासून सगळं थेट पोर्टलवर झालं. बेरजेच्या चुका कमी झाल्या, पण मोजण्याची पद्धत तीच राहिली.

आता एक तुकडी जवळून बघा. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण मुंबईच्या बीकॉमचा नमुना साधारण असाच असतो. एफवायला १२० जणांची तुकडी भरली. गणपतीपर्यंत वर्गात शंभर दिसतात. कुणाला कॅपच्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) उशिराच्या फेरीत इंजिनीअरिंग किंवा फार्मसी मिळालेली असते, कुणी सीएच्या क्लासला लागून कॉलेजचं तोंड बघायचं सोडलेलं असतं, कुणाचं बिऱ्हाड गावी गेलेलं असतं. पण टीसी मागायला कुणी आलेलं नसतं आणि फी भरलेली असते, म्हणून जनरल रजिस्टरला सगळे १२० उभे. आयशेत १२० गेले. शिवाय जो फार्मसीला गेला तो तिकडच्या पटावरही आहेच. तीन वर्षांनी टीवायच्या परीक्षेला ११० बसतात. मथळा लिहिणारा म्हणतो, वा, १२० मधले ११० टिकले! तसं नाही. त्या ११० मध्ये मूळ तुकडीतले ९० आणि बाकीचे २० दुसऱ्या कॉलेजातून थेट आलेले किंवा आदल्या बॅचचे मागे राहिलेले.

निकाल लागतो: ११० पैकी ८८ पास, ऐंशी टक्के. माहितीपुस्तकात, बॅनरवर, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) अहवालात हाच आकडा जातो आणि तो शंभर टक्के खरा आहे. पण त्या ८८ मध्ये मूळ तुकडीतले ७२. म्हणजे एफवायला आलेल्या १२० पैकी वेळेत पदवी घेतलेले साठ टक्के. मग पुढच्या दोन वर्षांत, तिसऱ्या-चौथ्या सत्राची केटी राहिली म्हणून ज्यांचे निकाल राखीव होते किंवा शेवटच्या सत्रात जे अडकले होते, त्यांतले १२ जण सुटतात. झाले सत्तर टक्के. ऐंशी, साठ, सत्तर. तिन्ही आकडे एकाच वर्गाचे, तिन्ही प्रामाणिक. जाहिरातीत कोणता येतो हे सांगायला नको.

केटीची ही शेपटी लक्षात ठेवा. एटीकेटीमुळे मुलगा वरच्या वर्गात जातो, त्यामुळे पटावर गळती दिसत नाही. ती शेवटी, टीवायच्या निकालाला एकदम दिसते. मुलं नोकरीला लागतात, 'एवढी एक केटी काढतो' म्हणतात आणि चार वर्षांनी लग्न ठरताना किंवा परदेशी कंपनीने पदवीचं प्रमाणपत्र मागितल्यावर खिडकीशी येतात. असे लोक कोणत्या रकान्यात घालायचे याचं उत्तर आपल्या राष्ट्रीय आकडेवारीकडे नाही, म्हणून आपला असा राष्ट्रीय 'ग्रॅज्युएशन रेट' तुम्हाला कुठे सापडणार नाही. तुमची शोधाशोध कमी पडली असं नाही.

अमेरिकेचे ६४ टक्के कुठून आले? तिथे केंद्राची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला 'आयपेड्स' नावाच्या यंत्रणेला माहिती द्यावीच लागते. न देऊन चालत नाही. पदवी-प्रमाण जाहीर करण्याची सक्ती १९९० च्या कायद्याने आली. पद्धत अशी की एका सालात प्रथमच आणि पूर्णवेळ प्रवेश घेतलेल्यांचा गट बांधायचा आणि कोर्सच्या ठरल्या मुदतीच्या दीडपट काळात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षांत, त्याच संस्थेतून किती पदवीधर झाले ते सांगायचं. २०१४ साली चार वर्षांच्या संस्थांत आलेल्यांपैकी २०२० पर्यंत सुमारे ६४ टक्के झाले, तो हा आकडा. म्हणजे माझ्या वरच्या तुकडीत त्याची तुलना ऐंशीशी नव्हे, सत्तरशी करायची. तिथलेही आकडे धुतल्या तांदळासारखे नाहीत. अर्धवेळ शिकणारे या गटात धरतच नाहीत, दुसऱ्या कॉलेजात जाऊन पदवी घेतलेला पहिल्या कॉलेजच्या नावावर अपयशी म्हणूनच लागतो. हे खटकलं म्हणून पुढे अर्धवेळवाले आणि बदलून आलेले धरून आठ वर्षांपर्यंत बघणारा वेगळा तक्ता त्यांनी सुरू केला. शिवाय 'नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस' ही संस्था एकेका विद्यार्थ्याचा माग कॉलेजं बदलली तरी ठेवते. तिचं सहा वर्षांचं प्रमाण अलीकडे ६१-६२ टक्क्यांच्या घरात असतं, पण त्यात दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजंही आहेत. तेव्हा अमेरिका ६४, भारत २५ अशी ओळ व्हॉट्सॲपवर आली तर पुढे ढकलू नका.

जीईआरबद्दल, म्हणजे उच्च शिक्षणातल्या एकूण पटनोंदणीच्या प्रमाणाबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण तोच आकडा सगळ्यात जास्त फिरतो म्हणून सांगतो. २०२१-२२ चा देशाचा जीईआर २८.४. याचा अर्थ शंभरातली अठ्ठावीस मुलं कॉलेजात जातात असा नाही. भागाकारात वर पटावरचे सगळे, वय काहीही असो. खाली १८ ते २३ वयाची लोकसंख्या. पस्तिशीत दूरशिक्षणाने एमए करणाऱ्या बाई वर मोजल्या जातात, खाली नाहीत. आणि दूरशिक्षणवाले थोडेथोडके नव्हेत: २०२०-२१ च्या ४.१४ कोटींत ते ४५.७१ लाख होते. खालचा आकडा तर अंदाजाचाच आहे, कारण शेवटची जनगणना २०११ ची. २०१९-२० च्या अहवालात जीईआर २७.१ छापला होता. तो २००१ च्या जनगणनेवर बेतलेल्या अंदाजाने काढलेला. पुढच्या वर्षी २०११ च्या जनगणनेवरचे अंदाज घेतले तेव्हा त्याच २०१९-२० चा आकडा २५.६ झाला. एकही विद्यार्थी इकडचा तिकडे झाला नाही आणि दीड टक्का गेला. जुन्या अहवालातला २७.१ आणि नव्यातला २०२०-२१ चा २७.३ शेजारी ठेवून 'वाढ खुंटली' असं लिहिणारे तेव्हा होतेच. आता २०२७ ची जनगणना होऊन तिचे आकडे आले की पुन्हा हेच होणार. नव्या शैक्षणिक धोरणाचं २०३५ पर्यंत ५० टक्क्यांचं लक्ष्य कोणत्या लोकसंख्येवर मोजायचं, हा वाद तेव्हा रंगेल.

मुंबईत तर जिल्ह्याचे आकडे वाचताना आणखी जपावं लागतं. मुलं विरार, कल्याण, डोंबिवलीत राहतात आणि शिकतात माटुंगा, दादर, चर्चगेटला. पट कॉलेजच्या जिल्ह्यात लागतो, लोकसंख्या घराच्या जिल्ह्यात. त्यामुळे मुंबई शहर जिल्हा फुगलेला दिसतो आणि पालघर-ठाण्याच्या पोरांनी जणू शिक्षणच सोडलंय असं वाटतं. तुमची लेक माटुंग्याच्या पोदारला गेली काय किंवा चर्चगेटच्या एखाद्या कॉलेजात गेली काय, ठाणे जिल्ह्याच्या पटावर ती नसेलच. विद्यापीठांचंही तसंच. एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही मंडळी २०१९-२० पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. एचआर आणि केसी २०२० पासून एचएसएनसी विद्यापीठात. मुंबई विद्यापीठाचा पट तेवढा उतरला तो भिंतीवरची पाटी बदलल्यामुळे. शिवाय आपल्याकडे कॉलेजच्या त्याच इमारतीत अकरावी-बारावी भरते. ती मुलं आयशेत नाहीत, ती शाळांच्या 'यूडायस प्लस'मध्ये. 'आमच्या कॉलेजात सात हजार मुलं' असं कोणी सांगितलं तर त्यात ज्युनिअर किती, हे आधी विचारावं.

आता पैसा. इथे माझं मत जरा कडक आहे. आयशेमध्ये वित्तविषयक माहिती मागतात, पण प्रसिद्ध होणाऱ्या अहवालात पट, शिक्षक, निकाल यांचे तक्ते भरपूर आणि पैशावर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. आणि छापलं तरी ते तुलनेला फारसं उपयोगी पडलं नसतं, कारण एकाच इमारतीत तीन वेगवेगळे संसार चालतात. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या जुन्या तुकड्या अनुदानित. तिथल्या मंजूर पदांचा पगार सरकारकडून सहसंचालक कार्यालयामार्फत येतो. शेजारच्या वर्गात बीएमएस, बीएएफ, बीएस्सी आयटी हे स्वयंअर्थसहाय्यित. त्यांचा शिक्षकांचा पगार, वीज, संगणक सगळं मुलांच्या फीतून. वर ज्युनिअर कॉलेज वेगळं. एकच ग्रंथालय, एकच जिना, एकच लिफ्ट. ग्रंथपालाचा पगार कोणत्या खात्यात पडला आणि सरकारी वेतन अनुदान कॉलेजने ताळेबंदात दाखवलं की नाही, एवढ्यावर 'दर विद्यार्थी खर्च' दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती पुढच्या आर्थिक वर्षात जमा झाली की यंदाची मिळकत कमी आणि पुढची फुगलेली. अमेरिकेतही सरकारी आणि खासगी कॉलेजांचे हिशेबाचे नियम वेगळे असल्याने त्यांची वित्तीय आकडेवारी थेट शेजारी ठेवता येत नाही, पण निदान प्रत्येक संस्थेचा तक्ता सर्वांना बघायला खुला असतो.

घराच्या खिशातून किती जातं, यासाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी बघा, जुलै २०१७ ते जून २०१८ ची. तांत्रिक-व्यावसायिक कोर्सला दर विद्यार्थी सरासरी वार्षिक खर्च ५०,३०७ रुपये आणि 'सर्वसाधारण' शिक्षणाला ८,३३१ रुपये. पण त्या ८,३३१ मध्ये बालवाडीपासूनची सगळी मुलं आहेत! 'भारतात पदवीला आठ हजार लागतात' असं त्यावरून लिहिलेलं मी वाचलं आहे. बीएएफची फी भरणाऱ्या बापाला हे कुणी सांगू नये.

तुमच्या कामाचं आता. कॉलेजच्या वेबसाइटवर, बहुधा अगदी तळाला, 'एनआयआरएफ' (केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी) अशी जोडणी असते. त्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना दिलेली माहिती स्वतःच्या साइटवर ठेवावी लागते. ती पीडीएफ उघडा. तीन वर्षांच्या पदवीसमोर एक ओळ सापडेल: अमुक साली पहिल्या वर्षाला मंजूर जागा इतक्या, प्रत्यक्ष प्रवेश इतके, आणि त्याच ओळीत पुढे ठरल्या मुदतीत पदवीधर झालेले इतके. माझ्या तुकडीतला तो साठचा आकडा काढण्याच्या सगळ्यात जवळ नेणारी आपल्या देशातली उघड जागा ही. एनआयआरएफने मुदतीत ८० टक्के पदवीधर व्हावेत असा मापदंड धरला आहे, त्याच्याशी ताडून बघता येईल. दोन खोडी आहेत. बीए, बीकॉम, बीएएफ सगळं एका ओळीत एकत्र येतं, आणि आकडे कॉलेजने स्वतः दिलेले असतात. पुढच्या पानांवर खर्चाचे दोन तक्ते असतात: भांडवली खर्चात ग्रंथालय, उपकरणं; चालू खर्चात पगार, देखभाल. कोणत्याही एका वर्षावर जाऊ नका, तीन वर्षं शेजारी ठेवा. पगाराचा खर्च उतरत असेल आणि पट वाढत असेल, तर तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर गाडा चालला आहे असं समजायला हरकत नाही.

एनआयआरएफमध्ये नसलेल्या कॉलेजांसाठी नॅकला दरवर्षी जाणारा गुणवत्ता अहवाल बघा. त्यात अंतिम वर्षाला बसलेले आणि पास झालेले असतात, म्हणजे ऐंशीवाला आकडा. त्याच कॉलेजच्या तीन वर्षांपूर्वीच्या अहवालातला पहिल्या वर्षाचा प्रवेश शोधून दोन्ही शेजारी ठेवलेत तर थेट येणारे आणि मागे राहिलेले मिसळूनही अंदाज येतो.

व्यावसायिक कोर्सची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळते. बीकॉम-बीएएफ त्यात येईल असं धरू नका. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर तिचा ताळेबंद आणि जमाखर्च, म्हणजे अनुसूची आठ आणि नऊ, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी दाखल होतो. वरळीच्या कार्यालयातून प्रत मागता येते. अनुदानित कॉलेजला माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करता येतो, आणि सगळ्यात बोलकं उत्तर त्यातूनच येतं, फक्त प्रश्न नीट लिहायला हवा. 'आपल्या महाविद्यालयाचा निकाल किती' असं लिहिलंत तर ऐंशीच येणार. त्याऐवजी लिहा: '२०२२-२३ मध्ये प्रथम वर्ष बीकॉमला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना २०२५ च्या अंतिम सत्राच्या निकालात पदवी मिळाली, थेट द्वितीय व तृतीय वर्षात आलेले वगळून संख्या द्यावी.' जनरल रजिस्टर आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी) नंबर असताना हे काढायला कार्यालयाला एक दुपार पुरते. बीएएफसाठी स्वतंत्र अर्ज करा. जागा कमी, वरच्या टक्क्यांची मुलं, फी जास्त, त्यामुळे तिथला आकडा चांगला असणारच. त्यावरून बीकॉमचा अंदाज बांधू नका.

आणखी एक. तुमची मुलगी नव्या धोरणाच्या बॅचमध्ये येते. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीनला पदवी, चारला ऑनर्स, असं कुठूनही बाहेर पडता येतं आणि क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात, साठलेली क्रेडिट घेऊन दुसऱ्या कॉलेजात परत येता येतं. एका वर्षाने प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेली मुलगी उत्तीर्ण धरायची की गळालेली? आत्ताच्या तक्त्यांत ती पदवी-पदविकांच्या एकूण बेरजेत भर घालेल आणि कॉलेजचं चित्र सुधारेल. क्रेडिट बँकेत प्रत्येक विद्यार्थ्याचं वेगळं खातं असतं, म्हणजे मघाशी म्हटलेला तो धागा पहिल्यांदाच तयार आहे. तो वापरून साल धरून गट बांधायचे आणि आकडे कॉलेजवार जाहीर करायचे, हे ठरवलं तर आयशेला एक-दोन वर्षांत जमण्यासारखं आहे. तोवर प्रवेशाच्या वेळी समुपदेशकाने 'आमचा निकाल पंच्याण्णव टक्के' म्हटलं की विचारा, बसलेल्यांपैकी की आलेल्यांपैकी. उत्तरासाठी त्याला आत ऑफिसात जावं लागलं तर बरोबर जा. रजिस्टर हेडक्लार्ककडे असतं.